धूमकेतूच्या सोबतीने दोन वर्षे

सूर्यमाला घडली त्या काळातील पदार्थ धूमकेतूंमध्ये फारसा न बदलता टिकून राहिला आहे, हे मत खगोलशास्त्रात गेली अनेक दशके रूढ आहे. मात्र हा पदार्थ नेमका कोणता, तो एकत्र कसा आला आणि सूर्याच्या उष्णतेने त्यात काय बदल होतात, हे जाणण्यासाठी पृथ्वीवरच्या दुर्बिणी पुरेशा पडत नाहीत, कारण धूमकेतू ठळक दिसू लागतो नेमका त्याच वेळी त्याचा मूळ गाभा वायू आणि धुळीच्या आवरणाआड झाकला जातो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या रोझेटा यानाने ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ या काळात ‘६७पी/चुर्युमोव-गेरासिमेन्को’ या धूमकेतूची साथ न सोडता त्याच्याबरोबर सूर्याभोवती प्रवास केला आणि ही अडचण दूर केली. या मोहिमेतून हाती आलेले बहुतेक महत्त्वाचे निष्कर्ष एकाच गोष्टीमुळे शक्य झाले, ती म्हणजे यान धूमकेतूजवळून निघून न जाता त्याच्यापाशी थांबले.

धूमकेतूचा गाभा, ज्याला केंद्रक म्हणतात, हा बर्फ, धूळ आणि कार्बनयुक्त संयुगे यांचा बहुधा काही किलोमीटर रुंदीचा गोळा असतो. सूर्यापासून दूर असताना तो गोठलेला आणि निष्क्रिय असतो. सूर्याजवळ येऊ लागला की त्यातील बर्फ वितळून पाणी न होता थेट वायूत रूपांतरित होतो, आणि या क्रियेला संप्लवन असे नाव आहे. बाहेर पडणारा वायू आपल्याबरोबर धूळही उधळतो व केंद्रकाभोवती कोमा नावाचे विरळ पण अतिविशाल आवरण तयार होते. सूर्यप्रकाशाच्या दाबाने मागे रेटली जाणारी धूळ आणि सूर्यापासून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने, म्हणजे सौरवाऱ्याने, ओढून नेलेला वायू यांची दोन पुच्छे बनतात. ‘शेंडेनक्षत्र’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेलेले दृश्य हेच असून, एवढा सारा विस्तार ज्याच्यातून निघतो तो गाभा मात्र त्यात दिसत नाही.

जवळून जाणे आणि जवळ थांबणे

रोझेटापूर्वीही अनेक यानांनी धूमकेतू जवळून पाहिले होते. मार्च १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ आला असताना सोव्हिएत संघाची वेगा-१ व वेगा-२ ही याने आणि युरोपचे जिओट्टो हे यान त्याच्या जवळून गेले; जिओट्टोने सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरून केंद्रकाची छायाचित्रे घेतली आणि ते कोळशासारखे काळे असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेच्या स्टारडस्ट यानाने जानेवारी २००४ मध्ये विल्ट-२ या धूमकेतूच्या कोमातील धूलिकण टिपले व ते २००६ मध्ये पृथ्वीवर आणले, तर जुलै २००५ मध्ये डीप इम्पॅक्ट मोहिमेने टेम्पेल-१ या धूमकेतूवर तांब्याचा जड ठोकळा आदळवून आतला पदार्थ उधळला. या सर्व मोहिमांची मर्यादा सारखीच होती. जिओट्टो आणि हॅलेचा धूमकेतू एकमेकांजवळून गेले तेव्हा त्यांचा परस्परवेग सेकंदाला ६८ किलोमीटर होता, त्यामुळे अगदी जवळचे निरीक्षण करण्यास मिळालेला वेळ मिनिटांत मोजावा असा होता. अशा भेटीतून धूमकेतूची एका क्षणाची अवस्था कळते. तो कसा तापतो, कुठून वायू सोडतो आणि त्याचा पृष्ठभाग कसा झिजतो हे कळत नाही, कारण त्यासाठी तोच भाग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ऋतूंत पाहावा लागतो.

धूमकेतूपाशी थांबायचे तर त्याची दिशा आणि त्याचा वेग या दोन्हींशी यानाने जुळवून घ्यायला हवे, आणि एवढा वेग थेट देऊ शकेल असा अग्निबाण रोझेटासाठी उपलब्ध नव्हता. त्यामुळे ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाची मदत घेण्याचे ठरले. एखादे यान ग्रहाच्या मागच्या बाजूने योग्य कोनात जवळून गेले तर सूर्याभोवती फिरणाऱ्या त्या ग्रहाच्या गतीचा अत्यल्प अंश यानाला मिळतो. ग्रहाच्या दृष्टीने हे नुकसान नगण्य असते, मात्र यानाच्या दृष्टीने ती इंधनाशिवाय मिळालेली मोठी वेगवाढ असते. कोणत्या ग्रहाला केव्हा आणि किती अंतरावरून ओलांडायचे याचे गणित मात्र वर्षानुवर्षे आधी मांडावे लागते.

मुळात हे यान जानेवारी २००३ मध्ये ४६पी/विर्टानेन या दुसऱ्याच धूमकेतूकडे जाणार होते. डिसेंबर २००२ मध्ये आरियान-५ या अग्निबाणाच्या नव्या आवृत्तीचे उड्डाण अयशस्वी ठरल्याने रोझेटाचे प्रक्षेपण लांबले आणि विर्टानेनपर्यंत पोहोचण्याचा मुहूर्त टळला. पर्याय म्हणून निवडलेला ६७पी हा धूमकेतू १९६९ मध्ये सापडला होता. स्वेतलाना गेरासिमेन्को यांनी अल्मा-अता येथे घेतलेल्या छायाचित्रपट्ट्या तपासताना क्लिम चुर्युमोव यांना तो आढळला, म्हणून त्याला दोघांचे नाव मिळाले. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास त्याला सुमारे साडेसहा वर्षे लागतात. १९५९ मध्ये तो गुरू ग्रहाजवळून गेला आणि गुरूच्या ओढीने त्याची कक्षा बदलून तो सूर्याच्या पूर्वीपेक्षा बराच जवळ येऊ लागला. त्यामुळे त्याचा पृष्ठभाग सूर्याच्या तीव्र उष्णतेत फार फेऱ्या होरपळलेला नव्हता, ही अभ्यासाच्या दृष्टीने जमेची बाजू होती. मात्र तो विर्टानेनपेक्षा मोठा आणि जड असल्याने त्यावर उतरताना वेग अधिक राहणार होता, आणि त्यासाठी अवतरण-यानाच्या पायांच्या रचनेत फेरफार करावे लागले.

दहा वर्षांचा प्रवास

२ मार्च २००४ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून सुमारे तीन टन वजनाचे रोझेटा यान निघाले, आणि त्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा इंधनाचा होता. २००५, २००७ आणि २००९ मध्ये पृथ्वीजवळून आणि फेब्रुवारी २००७ मध्ये मंगळापासून जेमतेम २५० किलोमीटर उंचीवरून जात त्याने आपली कक्षा टप्प्याटप्प्याने रुंदावली. वाटेत त्याने २००८ मध्ये श्टाइन्स आणि २०१० मध्ये लुटेशिया या दोन लघुग्रहांचीही निरीक्षणे केली.

या प्रवासातील सर्वांत अवघड प्रश्न विजेचा होता. गुरूच्या कक्षेच्या आसपास सूर्यप्रकाश पृथ्वीवरील प्रकाशाच्या सुमारे चार टक्केच उरतो. तेवढ्या अंतरावर जाणाऱ्या यानांत त्याआधी किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर चालणारी वीजसाधने वापरली जात. रोझेटा मात्र ६४ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या सौरपंखांवरच अवलंबून होते. त्यामुळे जून २०११ मध्ये यानाची जवळपास सर्व यंत्रणा बंद करून त्याला निद्रावस्थेत ठेवण्यात आले, आणि ३१ महिने त्याच्याकडून पृथ्वीवर कोणताही संदेश आला नाही. २० जानेवारी २०१४ रोजी यानातील घड्याळाने ठरलेल्या वेळी यंत्रणा जागी केली आणि जर्मनीतील डार्मश्टाट येथील नियंत्रण केंद्रात संकेत पोहोचला, तेव्हा यान पृथ्वीपासून सुमारे ८० कोटी किलोमीटर अंतरावर होते.

मे ते ऑगस्ट २०१४ या काळात इंजिने दहा वेळा चालवून धूमकेतूच्या सापेक्ष असलेला यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७७५ मीटरांवरून चालण्याच्या वेगाइतका कमी करण्यात आला, आणि ६ ऑगस्ट रोजी यान केंद्रकापासून १०० किलोमीटरवर पोहोचले. धूमकेतूचे गुरुत्व अत्यंत क्षीण असल्याने सुरुवातीला त्याच्याभोवती नेहमीसारखी लंबवर्तुळाकार कक्षा घेता येत नव्हती, म्हणून यान त्याच्या पुढ्यात त्रिकोणी मार्गाने फिरत राहिले आणि वस्तुमानाचा अचूक अंदाज येताच हळूहळू जवळ सरकले.

जवळून दिसलेला आकार सर्वांनाच अनपेक्षित होता. केंद्रक एका गोळ्याचे नसून अरुंद मानेने जोडलेल्या दोन खंडांचे होते, आणि त्याचे वर्णन बदकाचे धड व डोके असे केले जाऊ लागले. मोठा खंड सुमारे ४.१ किलोमीटर आणि लहान खंड सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा आहे. धूमकेतूची घनता पाण्याच्या घनतेच्या जेमतेम निम्मी भरली, यावरून आतला ७० ते ८० टक्के भाग पोकळ्यांचा असावा, असा निष्कर्ष निघाला. पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा केवळ सहा टक्के इतका अंश परावर्तित करतो. त्यावर उंच कडे, खोल विवरे, विखुरलेल्या शिळा आणि धुळीने झाकलेली सपाट मैदाने आहेत, आणि त्या सर्व प्रदेशांना प्राचीन इजिप्तमधील देवदेवतांची नावे देण्यात आली.

फिलेचे अवतरण

रोझेटासोबत सुमारे १०० किलोग्रॅम वजनाचे फिले हे अवतरण-यान होते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी २२.५ किलोमीटर अंतरावरून ते सोडण्यात आले आणि सात तास संथपणे खाली जात राहिले. त्या वेळी धूमकेतू पृथ्वीपासून ५० कोटी किलोमीटरहून अधिक दूर असल्याने रेडिओ संदेश पोहोचण्यास २८ मिनिटे लागत, म्हणजे अवतरणात काही बिघडले तरी पृथ्वीवरून हस्तक्षेप करणे शक्य नव्हते. या धूमकेतूचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून कायमचे निसटण्यास लागणारा वेग, सेकंदाला सुमारे एक मीटरच आहे. म्हणून फिले आपटून उसळू नये यासाठी त्याला वरून खाली रेटणारा वायुझोत, जमिनीत रुतणारे दोन भाले आणि पायांतील स्क्रू अशी तिहेरी योजना केलेली होती. वायुझोताची यंत्रणा चालणार नाही हे यान सोडण्यापूर्वीच लक्षात आले होते, आणि प्रत्यक्ष टेकल्यावर भालेही सुटले नाहीत. त्यामुळे फिले ठरलेल्या जागी अचूक टेकूनही पुन्हा उसळले आणि जवळजवळ दोन तास तरंगत, मध्ये पुन्हा धडकत, सुमारे एक किलोमीटर दूर एका कड्याच्या सावलीत कलंडलेल्या अवस्थेत स्थिरावले.

तेथे धूमकेतूच्या सुमारे साडेबारा तासांच्या दिवसात दीड तासच ऊन पडत असल्याने सौरघटांना पुरेसा प्रकाश मिळाला नाही. तरीही मूळ विद्युतघटांच्या बळावर फिलेने सुमारे अडीच दिवस काम केले. त्याने कोमातील नव्हे, तर पृष्ठभागाजवळील कार्बनी संयुगे ओळखली, रोझेटासोबत रेडिओ लहरींची देवाणघेवाण करून लहान खंडाचा अंतर्भाग तपासला आणि तळाचा कठीणपणा मोजण्याचा प्रयत्न केला. अखेरच्या जागेचा पृष्ठभाग इतका टणक निघाला की मापनासाठी ठोकलेली सळई आत शिरली नाही. याउलट उसळत जाताना फिलेने एका शिळेत केलेल्या खळग्यावरून २०२० मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की तेथील बर्फ व धुळीचे मिश्रण फेसापेक्षाही मऊ आहे. अवतरण ठरल्याप्रमाणे एका जागी झाले असते तर एकाच धूमकेतूवरील हा टोकाचा फरक मोजण्याची संधी मिळाली नसती. जून-जुलै २०१५ मध्ये फिलेशी थोडा काळ पुन्हा संपर्क झाला, आणि २ सप्टेंबर २०१६ रोजी रोझेटाच्या कॅमेऱ्याने ते नेमके कुठे पडले आहे हे दाखवले.

सूर्याजवळ जाताना

फिलेकडे जगाचे लक्ष वेधले गेले, तरी मोहिमेचा गाभा रोझेटाची दीर्घ निरीक्षणे हाच होता. जून २०१४ मध्ये या धूमकेतूतून सेकंदाला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपात निघत होते; १३ ऑगस्ट २०१५ रोजी तो उपसूर्य बिंदूवर, म्हणजे आपल्या कक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळच्या स्थानी, आला तेव्हा हे प्रमाण सेकंदाला सुमारे ३०० किलोग्रॅमवर, म्हणजे हजारपटींवर गेले. उधळलेल्या धुळीने यानालाही संकटात टाकले. यान आपली दिशा ताऱ्यांच्या स्थानांवरून ठरवत असे, आणि उजळ धूलिकणांनाच तारे समजल्यामुळे मार्च २०१५ च्या अखेरीस त्याची दिशानिश्चिती इतकी बिघडली की ते आपोआप सुरक्षित अवस्थेत गेले. त्यानंतर त्याला कित्येक महिने केंद्रकापासून शेकडो किलोमीटर दूर राहावे लागले.

याच काळात धूमकेतूच्या झिजेची प्रक्रिया पुराव्यानिशी हाती आली. अस्वान असे नाव दिलेल्या एका कड्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये ७० मीटर लांबीची भेग दिसली होती. १० जुलै २०१५ रोजी त्या भागातून धुळीचा मोठा झोत उसळला, आणि काही दिवसांनी घेतलेल्या छायाचित्रांत तेथे कडा कोसळून आतला उजळ, ताजा बर्फ उघडा पडलेला दिसला. भेग, उद्रेक आणि कोसळलेला कडा यांची ही साखळी आधीची व नंतरची छायाचित्रे एकत्र पाहिल्यामुळेच जुळली. बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोतांमुळे केंद्रकाच्या फिरण्याचा वेगही बदलला आणि त्याचा दिवस सुमारे वीस मिनिटांनी आखूड झाला. या एका फेरीत धूमकेतूने आपल्या सुमारे दहा अब्ज टन वस्तुमानाचा हजारावा अंश गमावला, असा हिशेब नंतर मांडण्यात आला.

पृथ्वीचे पाणी कुठून आले?

रोझेटाकडून सर्वाधिक अपेक्षा होती ती एका जुन्या प्रश्नाबाबत. पृथ्वी घडली तेव्हा ती अतिशय तप्त होती, त्यामुळे आज महासागरांत असलेले पाणी निदान काही प्रमाणात नंतर बाहेरून आले असावे, आणि ते धूमकेतूंनी आणले असावे, अशी एक शक्यता मांडली जाते. ती तपासण्यासाठी ड्युटेरियम उपयोगी पडतो. हायड्रोजनच्या अणूत एक न्यूट्रॉन जास्त असला की त्याला ड्युटेरियम म्हणतात. पृथ्वीच्या सागरांत पाण्याच्या दर दहा हजार रेणूंपैकी सुमारे तीन रेणूंत तो आढळतो. एखाद्या धूमकेतूच्या पाण्यात हेच प्रमाण असेल तर त्या प्रकारच्या धूमकेतूंनी पृथ्वीला पाणी पुरवल्याचा दावा बळकट होतो.

स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या काथरीन आल्टवेग यांच्या नेतृत्वाखालील गटाने यानावरील वस्तुमान-वर्णपटमापकाने, म्हणजे रेणूंची त्यांच्या वस्तुमानानुसार विभागणी करून मोजणी करणाऱ्या उपकरणाने, हे प्रमाण मोजले आणि ते पृथ्वीच्या सागरांच्या तिपटीहून अधिक भरले. हा निष्कर्ष डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पृथ्वीच्या पाण्याचा मुख्य स्रोत धूमकेतूंऐवजी लघुग्रह असावेत या मताला बळ मिळाले. त्याआधी हार्टली-२ या अशाच कक्षेच्या धूमकेतूत पृथ्वीशी जुळणारे प्रमाण आढळले होते, त्यामुळे एकाच कुळातील धूमकेतू वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेले असू शकतात, हेही स्पष्ट झाले. पुढे रोझेटाच्या संपूर्ण काळातील हजारो मापनांची फेरतपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि केंद्रकाजवळ धूलिकणांवरून सुटणाऱ्या पाण्यामुळे ड्युटेरियमचे प्रमाण वाढलेले दिसत असावे, तर दूर अंतरावर ते पृथ्वीच्या प्रमाणाच्या अधिक जवळ येते, असे त्यात सुचवण्यात आले. म्हणजेच वाद पुन्हा खुला झाला. पण तो खुला करणारी मापनेही यान वेगवेगळ्या अंतरांवर दीर्घकाळ राहिल्यामुळेच मिळालेली होती.

पाण्याखेरीज इतर घटकांनीही जुन्या समजुतींना धक्का दिला. कोमात प्राणवायूचे रेणू पाण्याच्या सुमारे चार टक्के इतक्या प्रमाणात सापडले, हे ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर झाले. प्राणवायू इतर पदार्थांशी सहज संयोग पावतो, म्हणून तो अब्जावधी वर्षे मोकळ्या रूपात टिकेल अशी अपेक्षा नव्हती. तो बर्फाच्या कणांत अगदी सुरुवातीलाच अडकला असावा आणि नंतर तो बर्फ फारसा तापलाच नसावा, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. २०१६ मध्ये ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल आणि फॉस्फरस यांची उपस्थिती नोंदवली गेली. अमिनो आम्लांपासून प्रथिने बनतात, आणि फॉस्फरस हा डीएनएच्या रचनेतील आवश्यक घटक आहे. याचा अर्थ धूमकेतूंवर जीवसृष्टी आहे असा होत नाही, पण जीवसृष्टीला लागणारा कच्चा माल सूर्यमालेच्या थंड प्रदेशांत सजीवांशिवायही तयार होतो, हे त्यातून सिद्ध झाले. झेनॉन या निष्क्रिय वायूच्या मापनांवरून पृथ्वीच्या वातावरणातील सुमारे एक-पंचमांश झेनॉन धूमकेतूंमधून आला असावा, असाही निष्कर्ष निघाला. म्हणजे सागर भरण्यात धूमकेतूंचा वाटा अल्प असला, तरी वातावरणात त्यांनी भर घातली असावी.

धूमकेतूच्या घडणीविषयीही निर्णायक पुरावा मिळाला. दोन्ही खंडांतील थरांची दिशा तपासली असता प्रत्येक खंडाचे थर स्वतःच्याच केंद्राभोवती रचलेले आढळले, म्हणजे हे एकाच गोळ्याची मान झिजून झालेले दोन भाग नसून आधी स्वतंत्रपणे घडलेले दोन पिंड अत्यंत कमी वेगाने एकमेकांवर टेकून चिकटले. ग्रह ज्या लहान पिंडांपासून घडले ते कसे जमत गेले असतील, याचा हा थेट नमुना आहे.

मोहिमेचा शेवट आणि पुढची दिशा

२०१६ च्या उत्तरार्धात धूमकेतू पुन्हा गुरूच्या कक्षेकडे निघाला होता आणि सौरपंखांना मिळणारा प्रकाश कमी होत चालला होता. यानाला पुन्हा दीर्घ निद्रेत पाठवण्यापेक्षा उरलेल्या शक्तीचा उपयोग करून ते केंद्रकावरच उतरवण्याचा निर्णय झाला. ३० सप्टेंबर २०१६ रोजी सुमारे १९ किलोमीटर उंचीवरून संथपणे खाली येत, शेवटच्या क्षणापर्यंत छायाचित्रे आणि वायूंची मापने पाठवत रोझेटा खोल विवरांच्या प्रदेशात टेकले आणि आधीच दिलेल्या आज्ञेनुसार त्याचे प्रक्षेपण बंद झाले.

या मोहिमेने नोंदवलेली माहिती सर्व देशांच्या अभ्यासकांना खुली आहे आणि तिच्यातून आजही नवे निष्कर्ष निघत आहेत. युरोपीय आणि जपानी अंतराळ संस्थांची कॉमेट इंटरसेप्टर ही आगामी मोहीम सूर्याजवळ प्रथमच येणाऱ्या एखाद्या धूमकेतूची भेट घेण्यासाठी आखलेली आहे. ती भेट ओझरती असेल, आणि अल्प वेळात मिळालेल्या मापनांचा अर्थ लावताना रोझेटाच्या दोन वर्षांच्या नोंदींचाच आधार घ्यावा लागेल. त्यापुढची गरजही स्पष्ट आहे: धूमकेतूचा बर्फ न वितळू देता, अतिशीत अवस्थेत पृथ्वीवर आणणे. पाणी, प्राणवायू आणि कार्बनी संयुगे यांविषयीचे उरलेले प्रश्न प्रयोगशाळेतील सूक्ष्म तपासणीनेच सुटतील, आणि असा नमुना कोणत्या जागेवरून, किती खोलीवरून आणि कोणत्या ऋतूत घ्यावा, हे ठरवण्याइतके ज्ञान मानवाजवळ आज आहे ते रोझेटामुळे.